दिनूमामा, नवे टायर पुढे की मागे?

मामा, तुझ्या नव्या टायरांवर बसून लोक रडले.

खरंच सांगते. तू गेल्याचं कळलं तशी माणसं येत राहिली, आणि असल्फ्याच्या त्या एका खोलीत त्यांना बसवायचं कुठे? शेजारच्यांच्या खुर्च्या झाल्या, स्टुलं झाली. मग निलेशने दारातले ते दोन टायर, तू आणून ठेवलेले, वरची कागदाची पट्टीसुद्धा न सोडलेले, एकावर एक रचले आणि त्यावर चादर टाकली. तुझ्याच पोराचं डोकं ते, अडलं की जुगाड. कोण कोण बसून गेलं त्यावर. तुमच्या व्हॅनवाल्यांतला तो जाडा पाटील बसायला गेला तेव्हा मामी रडता रडता थांबली आणि म्हणाली, "भाऊजी, जरा जपून हां. नवीन आहेत." हसावं की रडावं कुणाला कळेना. तू असतास तर सगळ्यात मोठ्याने तूच हसला असतास.

तुझं वय, गाव, मागे कोण कोण आहे, हे सगळं गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या बॅनरवर छापलंय. फोटोत तुला कोटही घातलाय, कॉम्प्युटरवर. आयुष्यात तू कोट घातला नाहीस, पण शोभतोय. ते सगळं मी परत लिहीत बसत नाही. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचंय, कारण ते अर्धं टाकून तू निघून गेलास. जुनीच सवय तुझी. हरायला आलास की चहा प्यायला उठायचास.

भांडण एवढंच होतं. व्हॅनचे चार टायर काही एकदम झिजत नाहीत. दोन पार गुळगुळीत होतात, दोन अजून बरे असतात. मग माणूस दोनच नवे घेतो. ते दोन पुढच्या चाकांना लावायचे की मागच्या? तू म्हणायचास पुढे. मी म्हणायचे मागे. झालं.

लोकांना वाटेल, ह्यात एवढं काय. पण दिवाळीची सुट्टी संपत आली होती, शाळा उघडणार होत्या, आणि मुलांची ती व्हॅन आता तुझ्याऐवजी निलेश चालवणार होता. टायर दारात पडून होते. आणि मामीचं म्हणणं, ह्यांची शेवटची इच्छा पुढेच लावायची होती.

आपल्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. बी.एस्सी., फिजिक्स. हे मी कुठेही छाती पुढे काढून सांगते आणि सांगत राहणार. पण माझ्यापेक्षा तूच जास्त सांगत सुटायचास. पदवी मिळायची होती त्या दिवशी तू व्हॅन थेट कॉलेजच्या गेटसमोर लावलीस. वॉचमन धावत आला. तू त्याला म्हणालास, "भाचीची डिग्री घ्यायला आलोय," जसं काही पार्सल सोडवायचंय. तो म्हणाला, "मग ती घेईल ना. तुम्ही गाडी काढा." तू गाडी काढलीस, गोल फिरून आलास आणि परत तिथेच लावलीस. मी बाहेर आले तेव्हा तू आणि तो वॉचमन मिळून वडापाव खात होतात आणि त्याला माझे मार्क पाठ झाले होते.

गाडी चालवायला मला तूच शिकवलंस. रविवारी सकाळी, साकीनाक्याच्या मागच्या गल्ल्यांत, कारखान्यांचे गाळे बंद असताना. "क्लच हळू सोड गो बाय. झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर काढतेयस असं समज. झोप नाय मोडली पाहिजे." मी ती झोप किती वेळा मोडली ते त्या गल्लीतल्या कुत्र्यांना विचार. तू एकदाही ओरडला नाहीस. फक्त दरवाजावरची दांडी धरून देवाचं नाव घ्यायचास, तेही मला ऐकू येईल असं.

भांडणाची सुरुवात झाली ती तिथल्याच टायरवाल्याकडे. तू त्याला भाईजान म्हणायचास. माझी ओळख करून दिलीस, "भाईजान, ये मेरी भांजी. इसका फिजिक्स है. सोच के बोलना."

त्याने हात पुसत मलाच विचारलं, "तो बोलो मॅडम, आगे डालूँ या पीछे?"

मी म्हटलं, "पीछे."

तुम्ही दोघांनी माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी टायर टपावर बांधायला सांगितला. "पीछे कौन डालता है, मॅडम? स्टेअरिंग तो आगे है."

मी तिथेच रस्त्यावर उभी राहून समजावलं. ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचांतून पाणी बाहेर जातं. खाचा गेल्या की टायर पाण्यावर तरंगतो. पुढचे घसरले तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते, ते ड्रायव्हरला लगेच कळतं, पाय उचलून सावरता येतं. मागचे घसरले तर गाडीचं ढुंगण बाहेर जातं आणि ती गोल फिरते. कळेपर्यंत फिरलेली असते. म्हणून चांगले टायर मागे, बरे पुढे. भाईजानने सगळं नीट ऐकलं, मान डोलावली आणि नवे टायर पुढे बसवले. तू मला उसाचा रस पाजलास.

मग तो उतारावरचा प्रकार झाला. मुलांना शाळेत सोडून तू परत यायचास आणि कधीमधी वाटेत मला उचलून घाटकोपर स्टेशनला टाकायचास, मी तिथून मुलुंडला क्लासवर शिकवायला. त्या सकाळी पुढे पाण्याचा टँकर गळत चालला होता, अख्खा उतार ओला. वळणावर एक रिक्षा आडवी आली, तू ब्रेक मारलास. आणि व्हॅनची मागची बाजू निघाली. जोरात नाही. झोपेत माणूस कूस बदलतो ना, तशी सावकाश फिरली आणि जिकडून आलो तिकडे तोंड करून उभी राहिली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "चाचा, जाना किधर है, पहले फिक्स करो!"

तू टँकरवाल्याच्या आईपर्यंत पोचलास, माझ्याकडे बघून गिळलंस, आणि म्हणालास, "तेल सांडलंय रस्त्यावर."

"पाणी आहे, मामा."

"पाण्यात तेल असेल."

स्टेशनला मी उतरताना तू म्हणालास, "मामीला सांगू नको."

त्यानंतर मी तुझ्या घरी येऊन ते खेळण्यातलं प्रात्यक्षिक केलं. आठवतं? मुलांचं काही ना काही तुझ्या व्हॅनमध्ये राहायचंच. बाटल्या, कंपासपेट्या, एका पायातला बूट. कुणाची तरी छोटी गाडी होती. मी कपाटाची सुटलेली फळी तिरकी लावली. आधी गाडीच्या पुढच्या चाकांत कागदाचे बोळे कोंबून ती चाकं अडवली. गाडी घसरत सरळ खाली आली. मग तेच बोळे मागच्या चाकांत. गाडी अर्ध्यावर आली आणि गर्रकन फिरून उलटी, ढुंगण पुढे करून खाली उतरली. मामी म्हणाली, "अगो बाई, फिरली बघ!" तू गाडी हातात घेतलीस. स्वतः करून बघितलंस. परत बघितलंस. मला वाटलं, जिंकले.

तू गाडी माझ्या हातात ठेवलीस. "ह्या गाडीत ड्रायव्हर नाय. माझ्या गाडीत आहे."

आणि चहा प्यायला उठलास.

माझ्या क्लासमधली मुलं हे प्रात्यक्षिक बघून टाळ्या वाजवतात, मामा. तुझं वाक्य मी त्यांना सांगते. त्यालाही टाळ्या पडतात.

पण तूही उगाच हट्टाला पेटला नव्हतास, हे मला माहीत आहे. लग्नाआधी तू दुसऱ्याचा टेम्पो चालवायचास आणि हायवेवर पुढचा टायर फुटला होता. स्टेअरिंग हातातून ओढून घेतल्यासारखं गेलं. ही गोष्ट सांगताना तू नेहमी तळवे उघडायचास, जसं काही त्यावर अजून काही दिसतंय. "मागचा फुटला तर गाडी बसते गो. पुढचा फुटला तर हात जातात." मी म्हणायचे, जुना आणि गुळगुळीत ह्यांत फरक आहे, फुटण्याइतका खराब टायर पुढेही नको आणि मागेही नको. तू म्हणायचास, पुस्तक रस्त्यावर आणू नको. मी म्हणायचे, रस्त्यावरूनच पुस्तकात गेलंय ते. मामी म्हणायची, जेवण थंड होतंय.

ह्या भाऊबीजेला तू आमच्याकडे आलास. आईने ओवाळलं, तू तिच्या ताटात पाकीट ठेवलंस, जेवलास आणि शेंगदाणे सोलत बसलास. म्हणालास, "परत दोन टायर गेले. घेतलेत नवीन. दारात ठेवलेत."

मी म्हटलं, "मागे लावशील?"

"पुढे."

"मामा!"

तेव्हा तू पहिल्यांदा आवाज न चढवता सांगितलंस. "बघ. मुलं भरलेली असतात तेव्हा मागे वजन असतं. मागचे टायर जुने असले तरी रस्ता धरतात. मुलं असतात तेव्हा मला स्टेअरिंग पाहिजे. मला दुसरं काय नको."

"भरलेली गाडीपण पाण्यावर फिरते. आणि मुलांना सोडून परत येतोस तेव्हा? रिकामी गाडी मागून हलकी असते. तेव्हाच तर फिरली होती."

"तेव्हा काय," तू शेंगदाण्याचं टरफल फुंकलंस. "तेव्हा मी एकटाच असतो ना."

आणि मी काय केलं? परत घर्षण सुरू केलं. खाचांची खोली, पाणी, वजन. तू अर्धं ऐकलंस, उठलास, चपला घातल्यास. जाताना म्हणालास, "रविवारी ये घरी. बघू." तुझ्या भाषेत "बघू" म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही.

शनिवारी तू खुर्चीत बसून चहा पीत होतास आणि कप तसाच अर्धा राहिला.

तेव्हापासून मी एकच विचार करतेय, मामा. इतकी वर्षं आपण एकाच गाडीबद्दल भांडतच नव्हतो. तू भरलेल्या व्हॅनबद्दल बोलत होतास, मी रिकाम्या. तुला त्या मुलांची काळजी होती. आणि मला तुझी. ते सोडून बाकी सगळं मी तुला बोलले. आपल्या घरात तसं कुणी बोलत नाही. काळजी वाटली की आपण वाद घालतो, नाहीतर ताट वाढतो. मी शिकलेली, म्हणून वाद फिजिक्समध्ये घातला, एवढाच फरक.

आणखी एक. टायर तू दुकानातच का बसवून घेतले नाहीस? भाईजानने दहा मिनिटांत बसवले असते. मामीला विचारलं, ती म्हणाली, "मी विचारलं होतं. म्हणाले, तिला येऊ दे." म्हणजे माझ्याशी परत एकदा भांडून घ्यायचं होतं? की माझं ऐकणार होतास? हे आता मला कोण सांगणार? मी दोन्ही उत्तरं आलटून पालटून खरी मानते.

तुझ्या दहाव्याला तलावाकाठी सगळे जमलो होतो. पत्र्यावर कावळेच कावळे. पिंड ठेवला, सगळे मागे सरकलो. एकही खाली उतरेना. मग सुरू झालं. मेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखायचं आणि शब्द द्यायचा, मग कावळा शिवतो. आई मामीकडे बघत पुढे झाली. "दिनू, सुमनची काळजी करू नको. मी आहे." काही नाही. निलेश म्हणाला, "बाबा, व्हॅन मी चालवतो. एकाही मुलाला लेट करणार नाही." एक कावळा कठड्यावर आला, पिंडाकडे बघितलं, उडून गेला. गावाहून आलेले काका म्हणाले, "निलेशचं लग्न वेळेवर करू रे." निलेशचे कान लाल झाले. कावळ्यांना लग्नात काही रस दिसला नाही.

मामी बाजूला उभी होती. ती म्हणाली, "टायर."

"काय?"

"टायरमध्ये अडकलेत ते. पुढे लावू म्हणा."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई माझ्या कोपराला धरून म्हणाली, "म्हण गो. एवढ्यासाठी अडवून ठेवू नको त्याला. म्हणायला काय जातंय?"

मी हात जोडले, मामा. पण जिवंतपणी मी तुला कधी तोंडदेखलं हो म्हटलं नाही, तर आता कसं म्हणू? आणि शब्द दिला तर तो पाळावा लागतो, आणि पाळला तर त्या गाडीत निलेश बसणार. मी म्हटलं, "मामा, पुढे नाही लावणार. मागे लावणार. मुलांना सोडून निलेश एकटा परत येणार. एकटा माणूसपण घरी आला पाहिजे."

मागून एक बाई पुटपुटली, "शिकलेल्यांचं हे असं." कावळे पत्र्यावर बसून होते. गुरुजींनी घड्याळ बघितलं, मागे दुसरं कुटुंब थांबलं होतं. मग त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला लावला. असंही चालतं म्हणे.

परत येताना मामी माझ्याशी बोलली नाही. पुढचे दिवसही नाही. ताट वाढायची, पण बोलायची नाही. बऱ्याच जणांचं मत पडलं की तू माझ्यावर रागावून गेलास. मला नाही वाटत तसं. ज्या माणसाने डोळ्यांसमोर गाडी फिरलेली बघूनसुद्धा हार मानली नाही, तो एवढ्या लोकांसमोर मानेल होय?

शाळा उघडायच्या आधी निलेश आणि मी टायर व्हॅनमध्ये टाकले. निघणार, तेवढ्यात मामी पर्स घेऊन बाहेर आली, मधल्या सीटवर बसली. "मी पण येते." एवढंच. साकीनाक्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी मनात तयारी करून बसले होते. तिने पुढे म्हटलं तर मी दुकानासमोर भांडणार होते. तिच्याशी, भाईजानशी, लागलं तर निलेशशी.

भाईजान बाहेर आला. तुझ्याबद्दल थोडं बोलला. जॅक लावला, आणि निलेशला विचारलं, "आगे या पीछे?"

निलेशने माझ्याकडे बघितलं. मी मामीकडे बघितलं.

मामी म्हणाली, "पीछे."

भाईजानचा पाना हातातच राहिला. "भाभी, दिनूभाई तो हमेशा आगे बोलते थे."

"वो बोलते थे," मामी म्हणाली. "घर में मैं बैठती थी." मग मराठीत, कुणाकडेही न बघता, "मुलं शाळेत पोचली की त्यांच्या आया निवांत. माझं तेव्हा सुरू व्हायचं. गल्लीत हॉर्न वाजेपर्यंत."

म्हणजे तुझ्या त्या रिकाम्या गाडीत मी एकटीच बसलेली नव्हते, मामा.

भाईजानने मागचे बरे टायर काढून पुढे घातले, नवे मागे. हवा भरली. मामीने पर्समधून हळदीकुंकू काढलं आणि चारही टायरांना लावलं, जुन्यांनासुद्धा. येताना ती माझ्याशी बोलली. विचारलं, "रात्री जेवून जातेस ना?"

सोमवारी मी क्लासला उशिरा येईन म्हणून कळवलं आणि निलेशबरोबर बसले. मुलं पहिल्यांदा त्याच्याकडे बघून जरा बिचकली. एक छोटी तुझी जागा बघून म्हणाली, "अंकल कुठेत?" निलेशने काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. शाळेशी सगळी उतरली, दरवाजे लागले, आणि व्हॅनमध्ये ती शांतता पसरली जी तुला रोज माहीत होती. आम्ही परत निघालो. पोरगा चालवतो चांगला. तुझ्यासारखंच कोपर खिडकीवर ठेवतो, आणि तुझ्यासारखाच वळणाआधी जरा जास्त जोरात असतो.

"काय ताई," तो म्हणाला, "सीट एवढी घट्ट धरलीयस. घाबरतेस काय?"

घर्षणाबद्दल सांगायला माझं तोंड उघडलंच होतं. मी म्हटलं, "हो. तुझ्यासाठी घाबरते."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. आणि गाडी हळू केली.

मामा, तू पण केली असतीस.